थर्ड पार्टी म्हणजे कोण?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय रुक्ष आहे हे आधीच सांगते: गाडीचा विमा आणि लायसन्स. पण नातेवाइकांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी मनापासून विनंती. विशेषतः आमच्या धाकट्या भाऊजींनी. का, ते पुढे कळेलच.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या गाडीच्या विम्याची मुदत संपत आली होती. चिरंजीव या वर्षी अठरा पूर्ण झाले, शिकाऊ लायसन्स हातात आलं, आणि गाडीच्या किल्लीकडे त्यांची नजर वारंवार वळू लागली. म्हटलं, गाडी चालवायची तर आधी तिचे कागद वाच. विम्याची पॉलिसी त्याच्यापुढे ठेवली. (मीसुद्धा ती पंधरा वर्षांत एकदाही नीट वाचली नव्हती, हे त्याला सांगितलं नाही.) वाचता वाचता त्याने विचारलं, "आई, हे थर्ड पार्टी, थर्ड पार्टी काय आहे? फर्स्ट आणि सेकंड कोण मग?"

मी म्हटलं, "पहिली पार्टी म्हणजे मी, जिच्या नावावर विमा आहे ती. दुसरी विमा कंपनी. आणि तिसरी म्हणजे या दोघांशी काही संबंध नसलेला माणूस. रस्त्यावरून जाणारा कोणीही, ज्याला आपल्या गाडीने इजा होऊ शकते."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मावशी."

आता ही मावशी कोण, ते सांगायला हवं. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणालाच सांगितलेली नाही.

२०२३ चा पावसाळा. मुलाला तेव्हा सोळावं लागलं होतं. संध्याकाळी आमटी उकळत होती आणि घरात कोथिंबीर नव्हती. मी स्वतः, होय, मी स्वतःच्या हाताने त्याला स्कूटरची किल्ली दिली. "कोपऱ्यापर्यंत तर जायचंय. हळू जा," एवढंच म्हणाले. ही काही पहिली वेळ नव्हती. कोपऱ्यावर वळताना त्याने समोरून येणाऱ्या रिक्षाला चुकवलं आणि कडेने चालणाऱ्या एका बाईंना धक्का दिला. त्या शेजारच्या सोसायटीत चार घरी पोळ्या करतात. आमच्या गल्लीत सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्या डाव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

आम्ही धावत गेलो, त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत नवऱ्याने ओळखीच्या विमा एजंटला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न होता, "गाडी कोण चालवत होतं?" आणि उत्तर ऐकल्यावर लगेच सल्ला: "असं सांगू नका साहेब. वहिनी चालवत होत्या म्हणा."

मी काय म्हटलं असतं, मला खरंच माहीत नाही. कारण माझ्यावर बोलायची वेळच आली नाही. दवाखान्यात विचारलं, कसं लागलं? माझा मुलगा भिंतीला टेकून थरथरत उभा होता. मावशींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय घसरला."

आणि मी गप्प बसले.

दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही केला. प्लास्टर निघेपर्यंत आणि पुढेही काही दिवस, अशी दोन महिन्यांची त्यांची कमाईही दिली. आपण किती चांगले वागलो असं आम्हाला तेव्हा वाटलंसुद्धा! प्रकरण 'मिटलं'. मराठीत हा शब्द फार सोयीचा आहे.

तर त्या दिवशी पॉलिसी पुढ्यात घेऊन मुलगा 'म्हणजे मावशी' म्हणाला आणि मला पहिल्यांदा उमगलं, की गाडीच्या विम्यातला जो भाग कायद्याने सक्तीचा आहे, तो माझ्यासाठी नाहीच. माझ्या गाडीचा पत्रा चेपला, ती चोरीला गेली, पुरात बुडाली, तर त्याचा विमा ऐच्छिक आहे. घेतला तर घेतला. पण थर्ड पार्टी विमा नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ तेच सांगतं. आपण एरवी आयुष्यात अनोळखी माणसासाठी सक्तीने काही विकत घेतो का? हा एकच विमा असा असावा, जो आपण दरवर्षी मावशींसारख्या कुणासाठी भरतो. अपघातात कोणी मेलं किंवा जखमी झालं, तर या विम्याखाली द्यायच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. (दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र आहे, खासगी कारसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख.)

मावशी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे गेल्या असत्या, तर त्यांच्या उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, सोसलेलं दुखणं आणि हातात कायमचं अधूपण राहिलं तर पुढच्या सगळ्या वर्षांचं नुकसान, एवढं मोजलं गेलं असतं. आम्ही दोन महिने मोजले. आज त्यांच्या डाव्या मनगटात पूर्वीचा जोर नाही. कणीक तिंबताना दुखतं. चारपैकी एक घर त्यांनी सोडलं.

आता कायदा. माझ्या वयाच्या आयाबापांच्या डोक्यात जुनं काहीतरी बसलेलं असतं म्हणून नीट लिहिते.

कार असो की नेहमीची स्कूटर-मोटरसायकल, वय अठरा पूर्ण लागतं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. ही सवलत म्हणजे आमच्या लूनाची सवलत! मीही सोळाव्या वर्षी बाबांची लूना घेऊन क्लासला जायचे आणि ते कायद्यात बसायचं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. ती लूना गेली, पण सवलत आपल्या मनात राहून गेली. "सोळा पूर्ण आहेत ना, विनागिअरचं लायसन्स काढलंय," असं जे अभिमानाने सांगतात, त्यांच्या मुलांचं ते लायसन्स १२५ सीसीच्या गाडीवर कागदाचा तुकडा आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, कमी शक्तीच्या ज्या विजेच्या स्कूटर मिळतात, त्यांना लायसन्स लागत नाही. मुलाला काही घेऊन द्यायचंच असेल तर ती द्या. किंवा सायकल.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "मला न विचारता घेऊन गेला हो," असं म्हणून सुटता येत नाही. संमती होतीच असं कायदा गृहीत धरतो. नव्हती, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं.

आणि विमा? पॉलिसीत एक ओळ असते: गाडी चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स असलं पाहिजे. सगळी इमारत या एका ओळीवर उभी आहे. लायसन्स नसलेल्या मुलाने गाडी ठोकली तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारू शकते. आणि जखमी माणसाचं काय? न्यायालयांनी अनेक खटल्यांत कंपनीला सांगितलं आहे, की आधी जखमीला पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा. म्हणजे शेवटी घर, दागिने, ठेवी, काय असेल ते आपलं. तेव्हा 'विमा आहे ना' या भरवशावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किल्ली देणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की त्या क्षणी त्याच्यापुरता विमा नाहीच.

शिकाऊ लायसन्सवर चालवलं तर विमा लागू होतो, पण नियम पाळले तरच. पुढेमागे पांढऱ्यावर लाल अक्षरातली 'एल'ची पाटी हवी आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, निदान तीस दिवस झाल्यावर पक्क्या परीक्षेला बसता येतं. आमचे चिरंजीव एकतिसाव्या दिवसाची वाट बघत होते!

आणखी एक गोष्ट मला या वयात कळली. पॉलिसीत पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण असतं ना, ते 'मालक-चालक' असं असतं. म्हणजे गाडी माझ्या नावावर, तर ते माझ्यासाठी. माझी गाडी मुलगा चालवत असेल आणि त्याला काही झालं, तर त्या पंधरा लाखांचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचा वेगळा अपघात विमा काढावा लागतो. आम्ही काढला.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिची मुलगी गेल्या वर्षी सतरा वर्षांची झाली. तिथे सतराव्या वर्षी मिळतं ते अर्धंमुर्धं लायसन्स. रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही. आईवडील शेजारी नसतील तर मैत्रिणींपैकी एकीलाच घ्यायचं. फोन हातात धरून नाही आणि हात न लावतासुद्धा नाही. २०१० पासून तर नंबरप्लेटवर लाल चिकटपट्टी लावतात, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळावं की नवखं पोर आहे. आणि विमा कंपनी विचारते, घरात गाडी चालवणारे कोण कोण? सतरा वर्षांचं नाव लिहिलं की हप्ता असा वाढतो, की बहिणीने मला फोनवर आकडा सांगितला आणि आम्ही दोघी थोडा वेळ गप्पच बसलो.

मला तेव्हा तिची दया आली होती. आता हेवा वाटतो. तिला त्या बिलाने दरडावून सांगितलं, की तुझ्या घरातली सगळ्यात धोक्याची चालक आता गाडीत बसणार आहे. मला असं कोणीच सांगितलं नाही. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये. तीस वर्षं गाडी चालवणारी मी चालवो, की एकतीस दिवसांपूर्वी शिकलेला माझा मुलगा, ३,४१६ म्हणजे ३,४१६. आणि एकदा पक्कं लायसन्स मिळालं, की अठरा वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता चार मित्र घेऊन लोणावळ्याला जायला कायद्याची काही हरकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की जे आपल्याकडे कायदा सांगत नाही आणि हप्ता सांगत नाही, ते घराने सांगायला हवं. सरकारने असे टप्प्याटप्प्याचे नियम आणावेत असं मला वाटतंच, पण तोवर आपल्या पोरांनी रस्त्यावर शिकत बसायचं का?

आमच्या घरचे नियम ठरले ते असे. पक्कं लायसन्स मिळालं तरी पहिले सहा महिने 'एल'ची पाटी काढायची नाही. (यावर बरीच तणतण झाली. "सगळे हसतील!" हसू देत.) पहिले तीन महिने मित्रांना गाडीत घ्यायचं नाही. रात्री दहानंतर गाडी नाही. फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात. पट्टा सगळ्यांनी, मागच्यांनीसुद्धा. दारू प्यायलेल्या कोणाच्याही गाडीत बसायचं नाही, मग तो काका असो की मामा. रात्री कितीही वाजता फोन कर, आम्ही न ओरडता न्यायला येऊ. किरकोळ पोचा आला तर विम्याकडे जायचं नाही. दावा न केल्याची सूट पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेली असते आणि एका दाव्यात ती जाते. दुरुस्तीतला वाटा तुझ्या खाऊच्या पैशातून.

आणि कोणाला धक्का लागलाच, तर थांबायचं. जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं. हे मी म्हणते म्हणून नाही, कलम १३४ म्हणून. लोक जमून मारतील अशी भीती वाटली तर तडक पोलीस चौकीत जायचं, घरी यायचं नाही.

शेवटचा नियम मुलाने घातला. म्हणाला, "आणि गाडी कोण चालवत होतं ते खरं सांगायचं. तुम्हीपण."

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शने मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि त्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर केवढा संताप उसळला होता! मीही चार ओळी तावातावाने लिहिल्या होत्या. श्रीमंतांची पोरं, माजलेले बाप, वगैरे. लिहीत असताना मुलगा टीव्हीसमोरून उठून आत निघून गेला. मला कळलं होतं का ते. तरी मी पोस्ट पाठवली. त्या गाडीत आणि आमच्या स्कूटरमध्ये किमतीचा आणि वेगाचा फरक होता. पण किल्ली देणारा हात सारखाच होता, मोठ्या माणसाचा.

त्या 'म्हणजे मावशी'नंतर आम्ही दोघं मावशींकडे गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं, की तुमचा हक्क होता, तो आम्ही बुडवला, माझी चूक झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण पोलिसात गेले असते तर चारी घरची कामं गेली असती." यावर मला काही बोलता आलं नाही. हाताला आता व्यायामाचे उपचार चालू केलेत, फार उशिरा. किती फरक पडेल, बघायचं.

तर भाऊजी, आता तुमच्याकडे येते. पुतण्याला दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून तुम्ही त्याला १२५ सीसीची गाडी घेतलीत. ग्रुपवर हार घातलेल्या गाडीचा फोटो आला, सगळ्यांनी अंगठे दाखवले, मीही दाखवला. "आमच्या वेळी कुठे होतं लायसन्स!" असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही प्रेमाने केलंत याबद्दल शंका नाही. मीही कोथिंबिरीला पाठवलं होतं ते काही वैराने नाही. पण तो सोळाचा आहे, गाडी तुमच्या नावावर आहे, आणि वर लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू आहे. गाडी विकू नका हवं तर. झाकून ठेवा, स्वतः चालवा. किल्ली मात्र दोन वर्षं तुमच्या खिशात असू द्या. तो रुसेल, आठ दिवस जेवताना बोलणार नाही. रुसू दे. जाऊबाईंना म्हणावं, हवं तर माझ्यावर ढकला.

आणि एकदा ती पॉलिसी काढून वाचा. तीत तुमचं नाव आहे, कंपनीचं आहे, इंजिनाचा नंबरसुद्धा आहे. तिसऱ्याचं नाव नसतं. आमच्या बाबतीत ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

असो. फार लांबलं. बाकीच्या मंडळींनी आपल्या घरचे नियम जरूर कळवा, आमच्या यादीत भर घालीन. आणि रागावला असाल भाऊजी, तर रविवारी जेवायला या, समोरासमोर भांडू. येताना गाडी तुम्ही चालवा.